नळाकडे कान न लावता झोप – परदेशातली तुमची छोटी सुखं कोणती?

तापीकाठची (श्टुटगार्ट, जर्मनी) | ४ मे, रात्री ९:१०

मागच्या आठवड्यात आईला विमानात बसवून दिलं. व्हिसा नव्वद दिवसांचा होता, पण अखाजी (अक्षय तृतीया) घरीच करायची म्हणून ती आठ दिवस आधीच निघाली. घागर भरायची, सांजोऱ्या करायच्या, माहेरवाशिणींना झोका बांधायचा. ही कामं तिच्यावाचून अडतात असं तिला वाटतं आणि खरंच अडतात.

तर धाग्याचं निमित्त तीच.

पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला. उठून पाहते तर आई. कुकर, दोन पातेली, माझा काचेचा वाडगा, चहाचा थर्मास, केक भाजायचा गोल डबासुद्धा, सगळं काठोकाठ भरून ओट्यावर ओळीनं मांडलेलं. म्हणाली, "आलंय तोवर भरून घेते म्हटलं. तुझ्याकडे पिंप कसं नाही गं?"

मी म्हटलं, आई, इथे पाणी जातच नाही.

"जात नाही म्हणजे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जातं कसं ते मला नीट सांगता येतं. न जाण्याबद्दल काय सांगणार?

पुढचे दोन-अडीच आठवडे ती सकाळी, दुपारी आणि झोपताना एकदा नळ थोडासा उघडून बघायची आणि बंद करायची. तापकरी पोराच्या कपाळाला हात लावून बघतात ना, तसं. मग एका सकाळी ओट्यावरची भांडी रिकामी करून, पुसून, कपाटात गेलेली दिसली. काही बोलली नाही. मीही नाही बोलले.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव घेत नाही, कारण अजून चार गावांचे लोक म्हणतील की हे आमचंच. पाणी कधी सहाव्या दिवशी, कधी नवव्या, आणि वेळ ठरलेली नाही. माझी आजी नळाची तोटी उघडी ठेवून खाली पितळी थाळी उपडी घालायची. नळ आधी खोकायचा, मग हवा फुसफुसायची, मग गढूळ पाण्याचे चार थेंब थाळीवर टणटण वाजायचे आणि घर उठायचं. आधी मोटर, मग माठ, मग पिंप, मग बादल्या, शेवटी वापरायच्या पाण्याची टाकी. हा क्रम चुकला तर पाठीत धपाटा. बारावीचा अभ्यास मी या थाळीच्या आवाजाकडे एक कान ठेवून केला. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेले, नोकरीला पुण्यात गेले, तरी तो कान जागाच असायचा.

इथे येऊन दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की आपण आता सलग झोपतो.

श्टुटगार्टचं बरंचसं पाणी बोडेनझे नावाच्या सरोवरातून येतं. शंभराहून जास्त किलोमीटर लांब, अगदी स्वित्झर्लंडच्या सीमेवर. १९५८ पासून ते पाइपानं इकडे येतंय आणि आपण ते नळाला तोंड लावून पितो. आमच्या गावाला तापी उशाशी आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तापीचा काय दोष."

दुसरं सुख जिना झाडायचं. हसू नका. या भागात एक जुनी पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात, म्हणजे झाडू मारायचा आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. त्यानं जिना, बोळ आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. मला सात वर्षं ती पाटी म्हणजे शिक्षा वाटायची. आईनं अर्थ विचारला आणि शनिवारी सहाला उठून जिना झाडून, पुसून, खालच्या पायरीशी रांगोळीची चिमूट सोडण्याच्या बेतात होती, मी अडवलं. तळमजल्यावर ऐंशीच्या आसपासच्या एक आजी राहतात. त्या बाहेर आल्या, कठड्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि आईकडे बघून मान हलवली. सात वर्षांत ती मान मला एकदाही मिळालेली नाही. त्यानंतर दोघी रोज अकराच्या सुमारास जिन्यात उभ्या राहून बोलायच्या. एक इथल्या श्वेबिश जर्मन बोलीत, दुसरी आपल्या लेवा बोलीत. काय बोलत होत्या देव जाणे, पण अर्धा-अर्धा तास.

बाकी किरकोळ: रात्री साडेअकराच्या बसनं एकटी येते आणि घरी "पोचले" असा मेसेज टाकायचा विसरते, तरी कोणाच्या जिवाला घोर नसतो. महिन्याचं एकच तिकीट काढलं की शहरातल्या बस, ट्राम आणि देशभरातल्या साध्या रेल्वेगाड्या त्यावर चालतात. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोत सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, तरी परवडतं. आजारी पडले तर बॉसला कारण रंगवून सांगावं लागत नाही. रविवारी दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलासुद्धा मनाई. मला ती शांतता फार आवडते. आईला नाही. पहिल्या रविवारी तिनं खिडकीतून बघून विचारलं, "आज इथे कोणी वारलं का गं?"

तर मंडळी, पगार, पासपोर्ट, मुलांच्या शाळा ही मोठी सुखं राहू द्या. रोज हाताशी लागतं, आणि लागलं की क्षणभर बरं वाटतं, असं तुमचं काय आहे ते सांगा. खान्देशातले आणि परदेशातले, दोघांनीही.

---

भुसावळ_जंक्शन (नागोया, जपान) | ४ मे, रात्री ९:५२

थाळी! आमच्याकडे स्टीलचा डबा असायचा. त्याला आवाज जास्त.

माझं उत्तर एका शब्दात: आंघोळ. इथे घराघरात टब आणि भिंतीवर एक बटण. दाबलं की टब आपोआप ठरलेल्या रेघेपर्यंत भरतो, पाणी ठरलेल्या तापमानाला येतं, एक छोटी धून वाजते आणि एक बाई गोड आवाजात सांगते की आंघोळ तयार आहे. मी एकेचाळीस अंशांवर ठेवते. भुसावळच्या मे महिन्यातल्या हवेपेक्षा चार-पाच अंश गारच म्हणा!

आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग टबात नुसतं बसायचं. तेच पाणी घरातले सगळे एकापाठोपाठ वापरतात. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना हे उष्ट्या पाण्यासारखं वाटलं, पण चार दिवसांनी गुडघे दुखायचे थांबले आणि तक्रारही.

एक मात्र सांगते, म्हणजे फसवणूक नको. जपानमधली घरं हिवाळ्यात बर्फ असतात. तुमच्या जर्मनीसारखं घरभर हीटिंग नसतं. एका खोलीत गरम, बोळात गार. म्हणून त्या टबाची एवढी किंमत.

---

ओट्यावरून (जळगाव) | ५ मे, सकाळी ७:३०

वाचलं. छान लिहिलंय, पण दर सहा महिन्यांनी असा एक धागा येतो आणि तिकडचे लोक इकडच्या नळाचं रडगाणं गातात. आमच्याकडे सुख नाही का? काल रात्री गच्चीवर गाद्या टाकून झोपलो. शेजारच्या गच्चीवरून पाणी मागितलं, त्यांनी माठातलं दिलं. सकाळी दारात ताजी मेथी, वांगी, कोथिंबीर. डॉक्टरकडे जायचं तर फोन न करता जातो. तुमच्याकडे डॉक्टरची वेळ कधीची मिळते हो?

---

तापीकाठची | ५ मे, दुपारी १:०५

@ओट्यावरून, त्वचेच्या डॉक्टरची वेळ मागच्या नोव्हेंबरात मागितली, एप्रिलमध्ये मिळाली. तोवर पुरळ गेलं होतं. शंभर टक्के मान्य.

आणि गच्चीचं नाव काढून तुम्ही मला मारलंत. इथे छप्पर तिरकं आहे.

---

गाडी_लेट_आहे | ५ मे, दुपारी २:२०

जर्मनीत राहून कोणी रेल्वेच्या वेळापत्रकाचं कौतुक केलं नाही, यातच सगळं आलं 😀

---

तापीकाठची | ५ मे, दुपारी २:३१

म्हणूनच मुद्दाम बस-ट्राम लिहिलं. लांबच्या गाडीनं निघाले की भुसावळच्या फलाटावर उभी असल्यासारखं वाटतं. फक्त वडापाववाला नसतो.

---

मस्कतकर (मूळ रावेर) | ५ मे, रात्री ११:४५

ताई, वाचून बरं वाटलं. मी बारा वर्षं ओमानमध्ये आहे, एसी डक्टिंगचं काम. आधी पाच वर्षं कंपनीच्या कॅम्पात, आता आम्ही चौघं मिळून फ्लॅट घेतलाय. तुम्ही लोक ज्याला परदेश म्हणता तो आमचा नाही. बायको-पोरं रावेरला, मी इथे. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

इथे जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद. कायदाच आहे. त्या तीन तासांत आम्ही सावलीत, एसीत, कुणी झोपतं, कुणी घरी फोन लावतं. पहिल्या वर्षी मला कळेना की हे बसवून पगार कसा देतात. कारण त्याआधी मी गावाकडे सेंट्रिंगवर होतो. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, दुपारी दोनला, लोखंडी सळई हातात धरून. हाताला ओलं फडकं गुंडाळायचो, ते पाच मिनिटांत वाळायचं. तिथे कुणी म्हणालं नाही की बाबा, तीन तास बस. ठेकेदार वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा बाप केळीच्या बागेत मजुरी करायचा. घड कापायचा, खांद्यावर वाहायचा, चिकाचे डाग कधी गेले नाहीत. मला तर केळीची पानं दिसली की अजून पाठ दुखते. इथल्या दुकानात भारतातून आलेली केळी दिसतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि २०२१ मध्ये आपल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली, ती बातमी मी फोनमध्ये जपून ठेवलीय. मी इथे केळं घेताना सालीवरचं स्टिकर वाचतो. आमच्याकडचं असलं-नसलं तरी एक घेतोच.

दुसरं सुख म्हणजे गुरुवारची रात्र. शुक्रवार-शनिवार सुट्टी. गुरुवारी रात्री आम्ही चौघं शेवभाजी करतो. तिखट शेव गावाहून येते, काळा मसाला बायको देते. चौघांत एक केरळचा आहे, त्यालाही आता शेवभाजी लागते. त्याला नाव घेता येत नाही, तो "जळगाव करी" म्हणतो.

---

भुसावळ_जंक्शन | ६ मे, पहाटे ३:५०

मस्कतकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या टबाबद्दल लिहिल्याची जरा लाजच वाटली.

---

मस्कतकर | ६ मे, सकाळी १०:१५

लाज कशाला ताई. सुट्टीत गावी गेलो की मीही दोन बादल्या गरम पाण्यानं आंघोळ करतो आणि बायको ओरडते.

---

गल्ली_नं_५ (पुणे) | ६ मे, सकाळी ११:००

मन्हा परदेश म्हनजे पुना, चाली का? 🙂 वाचीसन डोयामा पानी उनं. मन्ही माय मन्हाकडे उनी व्हती तव्हय सोसायटीना टाकीमा पानी शे का नही हाई पाह्यासाठे तीनदाव गच्चीवर गयी. वॉचमन घाबरी गया.

---

परत_आलेला (धुळे) | ६ मे, रात्री ८:४०

नेदरलँड्समध्ये साडेआठ वर्षं काढून चार वर्षांपूर्वी धुळ्यात परत आलो. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय म्हणून बोलतो.

तिकडची आठवण कशाची येते? सायकलचा रस्ता. लाल डांबराचा, वेगळा, सलग. माझी सात वर्षांची पोरगी त्यावरून एकटी शाळेत जायची, पावसात रेनकोट घालून. इकडे ती अकराची झाली, आता मी तिला स्कूटरवर सोडतो, हॉर्न वाजवत. स्वतःच्या हॉर्नचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तिकडे साडेआठ वर्षांत मी हॉर्न किती वेळा ऐकला ते मोजून सांगता येईल.

@ओट्यावरून, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. इकडे आल्यावर मला एकदम राजा झाल्यासारखं वाटलं. भांड्याला मावशी, कपड्यांना मावशी, गाडी पुसायला पोरगा, भाजी दारात. तिकडे फरशी मीच पुसायचो, फर्निचर मीच जोडायचो, केस बायको कापायची. तर पहिल्या महिन्यात आमच्या मावशी लागोपाठ दोन दिवस उशिरा आल्या. मी घड्याळ बघत बसलेलो. विचारलं तर म्हणाल्या, "दादा, पाणी पहाटे यायचं ते सातला आलं. भरल्याबिगर कशी येऊ?" म्हणजे माझं भांडं वेळेवर घासलं जावं म्हणून त्यांनी त्यांच्या नळाशी जागायचं. आमच्या घरी बोअर आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वेळेवरून बोलत नाही. यापलीकडे मी काही थोर केलंय असं नाही. सकाळची भांडी मात्र आता आम्ही आमची घासतो.

---

ओट्यावरून | ६ मे, रात्री ९:३०

हं. हे आमच्याकडेही आहेच. आमच्याही मावशी त्याच गल्लीतून येतात.

---

बट्टीबाज (टोरंटो) | ७ मे, पहाटे ५:२०

वातावरण फार गंभीर झालं. मी खायचं सुख आणतो.

ओव्हन! वरण-बट्टीसाठी देवानं ओव्हन केलाय. गावाकडे भंडाऱ्याला गोवऱ्यांची रास पेटवून बट्ट्या भाजायचे, राखेतून काढून गोणपाटावर झटकायचे. ती चव वेगळी, ते मान्य. पण मंगळवारी ऑफिसातून आल्यावर गोवऱ्या कुठून आणणार?

माझी रीत: जाडसर दळलेला गहू, त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूट सोडा आणि हात न आखडता तेलाचं मोहन. घट्ट मळायचं. गोळे करून दोनशे अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचे. तडा गेला की झालं. चुरा करायचा, त्यावर तूप, त्यावर घट्ट तुरीचं वरण आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. बाहेर उणे अठरा असताना हे जेवायचं आणि सोफ्यावर आडवं व्हायचं. माझं सुख एवढंच आहे.

---

खापरावरची (लंडन, मूळ अमळनेर) | ७ मे, दुपारी ३:१०

@बट्टीबाज, ती बट्टी नव्हे, बाटी झाली! आमच्या घरी गोळे आधी वाफवतात, मग कापून तळतात. कडा कुरकुरीत, आत मऊ. न वाफवलेली बट्टी माझ्या आत्यानं खाल्लीच नसती.

आणि भरिताचं काय करता सगळे? इथे मिळतात ती वांगी जांभळी, चमकदार आणि आतून स्पंज. आपलं भरिताचं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, लांबट वांगं इथे मी अजून पाहिलेलं नाही. घरी कपाशीच्या काड्यांवर भाजायचे, लाकडी मुसळीनं ठेचायचे. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. हात तिखटानं दोन दिवस जळायचे.

---

तापीकाठची | ७ मे, संध्याकाळी ६:०५

भरिताचा किस्सा सांगायचा राहिलाच होता.

आईनं माझ्या सपाट काचेच्या शेगडीवर थेट वांगं ठेवलं. शेगडीनं टूं टूं केलं, बंद पडली. मग ओव्हनच्या ग्रिलखाली ठेवलं, साल काळी होईना. आई म्हणाली, "हे शिजतंय, भाजत नाहीये." शेवटी तिनं माझा कापूर जाळायचा छोटा बर्नर शोधून काढला आणि वांगं चिमट्यात धरून फिरवत बसली. दोन मिनिटांत छताचा धुराचा अलार्म बोंबलला. इथे प्रत्येक घरात तो लावायची सक्ती आहे. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतेय, आई खालून वांगं फिरवतेच आहे, आणि दारावर थाप. तळमजल्यावरच्या आजी, पायात सपाता, हातात अग्निशामक सिलिंडर.

त्यांनी वांग्याकडे पाहिलं. आईनं त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. भरीत तयार होईपर्यंत आजी हलल्या नाहीत, सिलिंडर मांडीवर. कळण्याची भाकरी त्यांना कोरडी वाटली असावी, त्यांनी वर लोणी लावलं. भरीत मात्र दोनदा घेतलं आणि तिखटानं नाक पुसत राहिल्या.

आता बाल्कनीत विजेची ग्रिल घेतलीये. धूर बाहेर जातो. तरी काड्यांचा वास नाही येत.

---

खापरावरची | ७ मे, संध्याकाळी ६:२५

सिलिंडर मांडीवर 😂😂 ऑफिसात मोठ्यानं हसले.

कळण्याचं पीठ कुठून आणता?

---

तापीकाठची | ७ मे, संध्याकाळी ६:४०

ज्वारीचं पीठ इथे भारतीय दुकानात मिळतं. सालीचे उडीदही मिळतात, ते मिक्सरमध्ये दळून चाळते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, मीठ त्यातच. गिरणीतल्यासारखं होत नाही, पण भाकरी थापता येते.

---

ग्रंथपाल_नसलेली (ओहायो, अमेरिका) | ८ मे, पहाटे ४:३०

माझं उत्तर लायब्ररी. फुकट कार्ड, एका वेळी मावतील तितकी पुस्तकं, नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवून देतात. लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला मी मुलाला घेऊन जायचे तेव्हा माझी इंग्रजी सुधारली, त्याची आधीच चांगली होती.

कपडे वाळवायच्या मशीनचं सगळे कौतुक करतात, मला नाही. सुती कपडे आखडतात. आमच्या चाळीसगावच्या उन्हात दोरीवरचं पातळ वीस मिनिटांत खडखडीत व्हायचं आणि त्याला उन्हाचा वास यायचा.

---

तापीकाठची | ८ मे, दुपारी १२:५०

ऊन! आईनं मार्चमध्ये हीटरवर जुन्या चादरीच्या तुकड्यावर सांडगे वाळत घातले. चार दिवसांत वाळले. तळून खाल्ले, तिनं एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "वाळलेत. पण यांना ऊन नाही लागलेलं." मला फरक कळला नाही, तिला कळला.

---

नवखा_नंदुरबारी | ८ मे, रात्री १०:०५

ऑगस्टमध्ये म्युनिकला जातोय, पहिल्यांदाच. नंदुरबारची लाल मिरची दळून किती न्यावी? आई तीन किलो म्हणतेय.

---

बट्टीबाज | ८ मे, रात्री १०:४०

एक किलो. दोन पिशव्यांत, दुहेरी गुंडाळून, कपड्यांपासून लांब. माझ्या पहिल्या ऑफिसच्या शर्टाला वर्षभर शिंका यायच्या.

---

खापरावरची | ८ मे, रात्री १०:५५

आईचं ऐक. तीन ने.

---

परत_आलेला | ९ मे, सकाळी ७:१५

@तापीकाठची, आई पोचल्या का नीट? अखाजी कशी झाली?

---

तापीकाठची | १० मे, रात्री १२:५५

पोचली, झाली. सांजोऱ्यांचे फोटो आले, झोक्याचे आले. इथल्या आजींसाठी एक डबा वेगळा भरून ठेवलाय म्हणे, कोणी येणारं मिळालं की पाठवणार.

ती गेल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक नवीनच सुरू झालंय. तिकडे पहाटे चार म्हणजे इथे रात्रीचे साडेबारा. मी नुकती झोपलेली असते आणि फोन थरथरतो. आत्ताही तोच आला म्हणून जागी आहे आणि तुम्हाला उत्तर लिहितेय. आईचा मेसेज, दोनच शब्दांचा: "पाणी आलं."

मी विचारलं, मोटर लावली का. अजून उत्तर नाही. भरत असेल.